पुणे, पिंपरी-चिंचवड आणि भोवतालची गावं : पाणी एकत्र आणता येणार नाही का?

नऱ्हेकर

खेड तालुक्यातलं भामा आसखेड धरण अनेकांनी पाहिलं असेल. त्यातून पुणे महापालिकेला २.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मंजूर आहे. धरणावर त्यांचं जॅकवेल (पाणी उचलायची विहीर) आहे, कुरुळीला शुद्धीकरण केंद्र आहे आणि तिथून वडगाव शेरी, खराडी, धानोरी, कळस या पूर्व भागाला पाणी जातं. १ जानेवारी २०२१ ला ही योजना सुरू झाली. त्याच धरणातून पिंपरी-चिंचवडलाही रोज १६७ दशलक्ष लिटर पाणी मंजूर आहे. त्यासाठी वाकी तर्फे वाडा इथे दुसरं जॅकवेल, तिथून नवलाख उंब्र्याकडे दुसरी जलवाहिनी आणि पुढे चिखलीला दुसरं शुद्धीकरण केंद्र.

धरण एकच, पण धरणग्रस्तांशी बोलणी दोनदा, जागेचा ताबा दोनदा, खोदाई दोनदा. पुनर्वसनाचा प्रश्न सुटेना म्हणून दोन्ही कामं कितीतरी वेळा बंद पडली. त्या लोकांसमोर दोन्ही शहरांनी एकदाच, एकत्र जाऊन बसायला काय हरकत होती, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. दोन महापालिका एक करा असं मी म्हणत नाही. गावं आणखी हद्दीत घ्या असं तर मुळीच म्हणत नाही. नळ, बिल, तक्रार हे ज्याचं त्याच्याकडे राहू दे. पण धरणातून पाणी उचलणं, ते शुद्ध करणं आणि हद्दीपर्यंत घाऊक पोचवणं, एवढं काम पुणे, पिंपरी-चिंचवड, कॅन्टोन्मेंट, नगरपरिषदा आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) मधली मोठी गावं यांनी मिळून करावं.

हद्दीत घेतलं की पाणी येतं, ही समजूत आपण २०१७ ला ११ गावांच्या वेळी पाहिली आणि जून २०२१ ला २३ गावांच्या वेळी पुन्हा पाहिली. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) साथ आली तेव्हा रुग्ण सगळ्यात जास्त कुठे सापडले? नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. म्हणजे धरणाच्या अगदी पायथ्याशी. नांदेडच्या विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून पुढे सोडलं जात होतं, गाळणी प्रक्रिया नव्हती. शहराला शुद्ध पाणी जिथून जातं त्या खडकवासल्याला खेटून असलेली ही गावं. धायरी २०१७ पासून आणि बाकीची साडेतीन वर्षं कागदावर महापालिकेत होती.

आणि एकत्र कामाचा अनुभव आपल्याला नाही असं नाही. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी मिळून पीएमपीएमएल झाली. पुण्याचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४०. बस हद्द ओलांडून जाते म्हणून कंपनी एक केली. नदी तर हद्द बघतच नाही.

जाणकारांनी लिहावं. चुकत असेन तर दुरुस्त करावं.

वाकडची_मेधा

अगदी मनातलं लिहिलंत. आमच्याकडे नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी. तेव्हा दोन महिन्यांपुरतं आहे असं वाटलं होतं. माझा मुलगा आता शाळेत जातो, त्याला रोज पाणी येतं हे माहीतच नाही. मुळेच्या पलीकडे बालेवाडी दिसते, तिथे वेगळं वेळापत्रक, वेगळी महापालिका.

जुना_जलअभियंता

नऱ्हेकर, विषय महत्त्वाचा काढलात. नोकरीत असताना पाणीपुरवठ्यातच आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक बाजू दुसऱ्यांची. दोन जलवाहिन्या म्हणजे निव्वळ उधळपट्टी असं समजू नका. वडगाव शेरी आणि चिखली वेगळ्या दिशांना आहेत, जमिनीची पातळी वेगळी आहे, पाणी शेवटी वेगळ्याच वाटेने न्यावं लागतं. शिवाय एकच नळ असला आणि तो फुटला तर दोन्ही शहरं कोरडी. पण उचल केंद्र, वीजजोडणी, धरणाजवळचा पहिला टप्पा आणि भूसंपादन हे एकत्र होऊ शकलं असतं. सगळ्यात जास्त वेळ जातो तो नेमका तिथेच.

आता मुख्य मुद्दा. घाऊक पाणी देणं सोपं आहे, करार करणं अवघड. एका संस्थेने दुसरीला पाणी द्यायचं म्हटलं की पाच गोष्टी ठरवाव्याच लागतात. मीटर कुठे बसणार, म्हणजे गळती कुठपर्यंत कोणाच्या माथी. दर कसा ठरणार आणि वीज महागली तर तो कसा वाढणार. कमीत कमी किती पाणी रोज मिळणारच. थकबाकी झाली तर काय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, धरणात पाणी कमी असेल तेव्हा कपात कोणाला किती.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे कधीही लिहिला जात नाही. पावसाळा चांगला असताना सगळे एकमेकांचे भाऊ असतात. एप्रिल-मे मध्ये व्हॉल्व्ह ज्याच्या हातात, पाणी त्याचं. कपात सगळ्यांना सारख्याच टक्क्याने, देणाऱ्या शहरालाही तेवढीच, असं एक कलम करारात आलं तर बाकीचं पुढे ढकललं तरी चालेल. ते कलम नसेल तर संयुक्त कंपनी काढून उपयोग नाही.

हद्दीवरची

काका, अगदी हेच. मी जिथे राहते तिथे पाणी एक संस्था घाऊक देते आणि दुसरी वाटते. दोघांचीही नावं घेत नाही. नळाला करंगळीएवढी धार असते, तीही पहाटे. वाटणारे सांगतात मागूनच दाब कमी आलाय. देणारे सांगतात आमच्या मीटरवर पूर्ण आहे, तुमची लाईन जुनी. मध्ये एक मोठा लोखंडी व्हॉल्व्ह आहे, चेंबरचं झाकण तुटलेलं, त्यात पावसाचं पाणी साचतं. तो व्हॉल्व्ह दुरुस्त कोणी करायचा यावर दोन्हीकडची पत्रं मी पाहिली आहेत. चावी फिरवणारा दादा बिचारा दोन्हीकडचे बोल खातो. त्यानेच शेवटी स्वतःच्या पैशाने झाकणावर फरशी ठेवली.

तेव्हा संयुक्त काहीही करा, पण त्या चेंबरचा मालक कोण हे आधी लिहा.

ठाण्याचा_सुहास

आमच्याकडचं उदाहरण देतो, कारण पुण्यात ते फारसं कुणाला माहीत नसतं. ठाणे, मिरा-भाईंदर आणि भिवंडी-निजामपूर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांची मिळून ‘स्टेम’ नावाची पाणी कंपनी आहे. शहाडला उल्हास नदीतून पाणी उचलायचं, टेमघरला शुद्ध करायचं आणि घाऊक द्यायचं. (हे टेमघर भिवंडीचं, तुमच्या मुठेवरचं नव्हे.) पूर्वी हे प्राधिकरण होतं, नंतर कंपनी झाली. जिल्हा परिषद भागीदार असल्यामुळे वाटेवरच्या गावांनाही पाणी मिळतं. मला यातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

दुसरं, सूर्या योजना. वसई-विरारला रोज १८५ आणि मिरा-भाईंदरला २१८, मिळून ४०३ दशलक्ष लिटर. ती दोन्ही शहरांसाठी एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) उभी केली. म्हणजे आपल्याच राज्यात, आपल्याच कायद्यांत दोन्ही रस्ते आहेत, भागीदारीचाही आणि प्राधिकरणाचाही.

सगळं छान आहे असं सांगणार नाही. स्टेमने देखभालीसाठी एक दिवस बंद ठेवला की तीन शहरांत बोंब होते. पण तो बंद आधी जाहीर होतो आणि सगळ्यांना एकाच दिवशी लागू होतो.

नऱ्हेकर

सुहास, हे फारच कामाचं. जिल्हा परिषद भागीदार असू शकते हे माझ्या डोक्यातच नव्हतं. पीएमआरडीएची स्थापना २०१५ ची, अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री. म्हणजे दोन्ही महापालिका, जिल्हा परिषद आणि जलसंपदा खातं यांना एका टेबलावर बसवण्याचा अधिकार तिथे नक्की आहे.

पवनमावळ

मी हे सगळं वाचतोय आणि मला काळजी वाटते. दोन शहरं एकत्र येणार म्हणजे आमच्यासमोर एकाऐवजी दोघे मिळून उभे राहणार.

९ ऑगस्ट २०११. पवना धरणातून थेट निगडीपर्यंत बंद नळाने पाणी नेण्याच्या विरोधात आम्ही मावळचे शेतकरी बऊरला द्रुतगती मार्गावर उतरलो. गोळीबार झाला. तीन माणसं गेली, त्यात एक बाई. काम थांबलं, बारा वर्षांनी २०२३ मध्ये स्थगिती उठली. पुण्या-पिंपरीत हा विषय ‘रखडलेला प्रकल्प’ म्हणून बोलला जातो. आमच्याकडे तो वर्षश्राद्धाचा दिवस आहे.

आमचं म्हणणं तेव्हाही पाणी देणार नाही असं नव्हतं. आज पवनेचं पाणी नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथे पिंपरी-चिंचवड ते उचलतं. वाटेत आमच्या मोटारी आहेत, गावांच्या नळयोजना आहेत, विहिरींना पाझर आहे. पाणी नळात घातलं की नदीला उरेल काय, हे कुणी लिहून द्यायला तयार नव्हतं. शहराचंही म्हणणं खोटं नाही. वरच्या गावांचं सांडपाणी नदीत येतं, रावेतला पाणी शुद्ध करायला खर्च वाढतो. मग त्याच खर्चात वरच्या गावांना सांडपाणी प्रक्रिया केंद्रं बांधून द्या की. तेव्हा उत्तर येतं, हद्दीबाहेर पैसा खर्च करता येत नाही. नळ मात्र हद्दीबाहेरून आणता येतो.

खरं सहकार्य करायचं असेल तर सुरुवात इथून करा. वरच्या गावांची गटारं शहराने बांधायची, त्या बदल्यात शहराला बाराही महिने स्वच्छ नदी मिळेल. याला मावळात कोण विरोध करतो ते मी बघतो.

वाकडची_मेधा

दादा, हे वाचून खरंच थांबले. मी ज्या पाण्यासाठी दिवसाआड उठते त्याच्यामागे हे आहे, हे इथे राहायला आल्यापासून मला कुणी सांगितलं नव्हतं. गावांच्या सांडपाण्यासाठी माझ्या पाणीपट्टीतून पैसे गेले तर माझी अजिबात तक्रार नाही.

जुना_जलअभियंता

पवनमावळ, तुमचा प्रस्ताव तांत्रिकदृष्ट्या पूर्णपणे शक्य आहे. गावाच्या ओढ्याच्या तोंडाशी छोटी केंद्रं बांधणं हे रावेतला वाढीव रसायनं टाकत बसण्यापेक्षा शहाणपणाचं. आणि हद्दीबाहेर खर्च करता येत नाही हे अर्धंच खरं. धरण, जॅकवेल, जलवाहिनी हे सगळं हद्दीबाहेरच असतं ना. इच्छा असली की तरतूद सापडते. दोन स्थानिक संस्थांनी मिळून संयुक्त समिती नेमायची सोयही आहे.

एस्पूकर

कोथरूडमध्ये वाढलो, आता फिनलंडमध्ये एस्पूला असतो. इथे हेलसिंकी, एस्पू, व्हान्ता आणि कौनियाइनेन या चार नगरपालिकांची मिळून एचएसवाय नावाची संस्था आहे. २०१० पासून पाणी, सांडपाणी आणि कचरा तिच्याकडे. चारही नगरपालिका स्वतंत्र आहेत, निवडणुका वेगळ्या, कर वेगळे. कौनियाइनेन तर दहा हजारांच्या आसपास वस्तीचं, चारही बाजूंनी एस्पूने वेढलेलं. तेही सदस्य आहे.

पाणी येतं पायेने नावाच्या तळ्यातून, १२० किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून. खडक फोडून केलेला बोगदा, १९८२ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे आधी कितीतरी वर्षं पाणी आणण्यासाठी शहरं एकत्र होती, घरापर्यंत वाटप एकत्र करणं नंतर आलं. नऱ्हेकरांनी जो क्रम सुचवला आहे तोच.

इथे पाण्याचा तुटवडा नाही, त्यामुळे मावळ किंवा दौंडसारखा पेच इथे नाही हे मान्य. तरी सांडपाणीही त्याच संस्थेकडे आहे, हे बघा. जो पाणी देतो तोच घाण पाणी परत घेतो, त्यामुळे ढकलाढकलीला जागा उरत नाही.

यवतचा_शेतकरी

सांडपाण्याचं निघालंच आहे तर खालच्या बाजूचं ऐका.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून २९.१५ टीएमसी. यातून हवेली, दौंड, इंदापूरची शेती आणि पुणे शहर. पुण्याचा करार ११.५० टीएमसीचा, उचल त्याहून कितीतरी जास्त. लोकसंख्या वाढली, गावं आत आली, आम्हाला कळतं. पिण्याच्या पाण्याला कोणी शेतकरी नाही म्हणत नाही. त्या बदल्यात ठरलं होतं की शहराने साडेसहा टीएमसी पाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून जुन्या कालव्यात सोडायचं.

पाणी येतं, पण कसं येतं ते बघायला या. कालव्याच्या काठावर काळपट रेघ बसलेली दिसेल. सकाळी वास येतो, ऊन चढलं की जास्त. कालव्याला लागून माझ्या चुलत्याची विहीर आहे, तिचं पाणी प्यायचं आम्ही केव्हाच सोडलं. ऊस त्या पाण्यावर उभा राहतो, भाजीला ते द्यायला माझं मन होत नाही. आणि आमच्याकडून निघून ते भीमेला, तिथून उजनीला. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. म्हणजे ही साखळी दोन महापालिकांत संपत नाही.

कालवा सल्लागार समितीची बैठक होते, पालकमंत्री अध्यक्ष असतात, उन्हाळी आवर्तन किती आणि कधी ते ठरतं. पाणी किती यावर तासभर बोलतात, पाणी कसं आहे यावर कुणी बोलत नाही. तुमची संयुक्त कंपनी झाली तर मुंढव्याला सोडलेल्या पाण्याची तपासणी रोज करून आकडे गावच्या फलकावर लावा. एवढं एक केलंत तर दौंड तुमच्या बाजूने उभं राहील.

कर्वेनगर_७१

सगळं पटतं पण मला भीती पीएमपीएमएलचीच वाटते. तोटा झाला की दोन्ही महापालिका ६०-४० भरतात, आणि बस वेळेवर का नाही असं विचारलं तर उत्तरदायी कोणीच नाही. नगरसेवकाला विचारावं तर तो म्हणतो कंपनीला विचारा. मार्च २०२२ पासून दोन्हीकडे दीर्घकाळ प्रशासक होते तेव्हा नगरसेवकही नव्हते. पाण्याचं असं होऊन चालणार नाही. बस चुकली तर रिक्षा करता येते.

नऱ्हेकर

कर्वेनगर, तुमची भीती रास्त आहे. म्हणूनच मी नळ आणि बिल महापालिकेकडेच राहू द्या म्हटलं. घरात पाणी आलं नाही तर जाब वॉर्ड ऑफिसनेच द्यायचा. संयुक्त संस्थेला प्रश्न विचारणार महापालिका, तोही मीटरच्या आकड्यांवर, आणि ते आकडे सगळ्यांना दिसतील असे.

काही न करण्याचीही किंमत आहे आणि ती आम्ही मोजतो. आमच्या भागातल्या किती इमारतींना पाणी बिल्डर पुरवेल अशा हमीपत्रावर परवानगी मिळाली, ते इथल्या कोणालाही विचारा. सोसायटी ताब्यात आली की बिल्डर बाजूला होतो आणि हमीपत्र फायलीत राहतं. मग रात्री अकराला टँकर उभा असतो, पाइप जिन्यावरून टाकीपर्यंत, आणि वॉचमन टाकीत टॉर्च मारून बघतो की पाणी गढूळ तर नाही ना. ते कुठल्या विहिरीतून भरलं हे टँकरवाला सांगत नाही. जीबीएसनंतर आम्ही विचारायला लागलो तर म्हणाला, घ्यायचं तर घ्या.

मुळशीच्या पाण्याचंही तेच होणार असं दिसतं. पुण्याला ते हवं आहे, पिंपरी-चिंचवडलाही हवं आहे. टाटांच्या धरणातलं ते पाणी वीज करून कोकणात उतरतं, त्यामुळे राज्य सरकारशी आणि कंपनीशी बोलणी लांबलचक असणार. निदान तिथे तरी दोन वेगळी पत्रं नकोत.

इंद्रायणीकाठ

मी आळंदीत राहतो. इथे सहकार्य चालू आहे आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. पुण्याच्या भामा आसखेड योजनेतूनच आळंदी नगरपरिषदेला पाणी मिळतं. त्याआधी आम्ही इंद्रायणीचं पाणी घ्यायचो. इंद्रायणीवर फेस तरंगतानाचे फोटो तुम्ही दरवर्षी बातम्यांत बघता, तीच नदी. पुण्याला आम्हाला पाणी द्यायची घाई नव्हती, पण जलवाहिनी जवळून जाते म्हटल्यावर मागणी झाली आणि ती मान्य झाली.

अडचणी आहेत. आळंदीची वस्ती लहान, पण कार्तिकीला आणि आषाढीच्या प्रस्थानाला लाखोंनी वारकरी येतात. रोजचा कोटा तेव्हा दोन तासही पुरत नाही. करारात यात्रेच्या दिवसांसाठी वेगळं कलम आहे का, मला बघायचंय. जलअभियंता काकांनी सांगितलेली पाच कलमं मी लिहून घेतली आहेत.

जुना_जलअभियंता

तो करार मिळाला तर इथे टाका. आपल्या भागातला चालू नमुना तो एकच आहे माझ्या माहितीत, बाकीचा वाद त्यावर करता येईल. महापालिका हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंतच्या गावांना पाणी देण्याचा विषयही वर्षानुवर्षं गाजतोय. त्याचे दर कोणते लावतात तेही मागा.

इंद्रायणीकाठ

माहिती अधिकाराचा अर्ज आळंदी नगरपरिषदेत मी सोमवारी देतो. कराराची प्रत, रोजच्या पाण्याची मीटर नोंद गेल्या एका वर्षाची, आणि कपातीच्या काळात आळंदीला किती टक्के कमी दिलं ते. पुण्याच्या बाजूने तोच अर्ज कोणी टाकेल का? दोन्हीकडचे आकडे जुळतात का ते बघता येईल.

नऱ्हेकर

पुण्याचा मी टाकतो. मुंढव्याच्या पाण्याचे तपासणी अहवालही त्यातच मागतो, यवतकर, म्हणजे तुम्हाला वेगळा खर्च नको. मेधाताई, भामा आसखेडच्या जॅकवेलचं तुमच्याकडून विचाराल का? काम सुरू करण्याआधी पुण्याशी एकत्र बांधण्याबद्दल काही पत्रव्यवहार झाला होता का, एवढाच प्रश्न.

वाकडची_मेधा

हो, विचारते. रावेतच्या वरच्या गावांच्या सांडपाण्याबद्दलही त्याच अर्जात विचारते. पवनमावळ दादा, गावांची नावं मला कळवा.

पवनमावळ

उद्या यादी देतो. ओढे कुठे नदीला मिळतात त्या जागांसकट.